सात पानं, सात हिरवे ठिपके

शंकासुर हे नाव त्याला कचेरीनं दिलं होतं, अर्थात पाठीमागे. ते त्याला ठाऊक आहे हे कचेरीला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही हे तरी कशावरून, अशी त्याला शंका होतीच.

करमाफीच्या कचेरीत त्यानं एकतीस वर्षं एकच काम केलं. लोक संस्था काढायचे. कुणी पक्ष्यांसाठी, कुणी बहिऱ्यांसाठी, कुणी जुन्या घड्याळांसाठी. आम्हाला नफा नको, तेवढा कर माफ करा, असा अर्ज करायचे. शंकासुर तो अर्ज शेवटच्या पानापासून उलटा वाचायचा. पहिलं पान माणूस नटूनथटून लिहितो, शेवटच्या पानापर्यंत दमतो आणि खरं बोलून जातो, असा त्याचा सिद्धांत होता. कुठे वास आला, की पानाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, हिरव्या पेन्सिलीनं मोहरीएवढा ठिपका. बस्स. ठिपका पडला की फाईल लोखंडी कपाटात, आणि कपाटातली फाईल सहा महिने तरी उजेड बघायची नाही.

नियमांच्या पुस्तकात असा ठिपका कुठेच नव्हता. पण शिपायापासून वरपर्यंत सगळे तो मानायचे. त्याच्या जोडीला शंकासुरानं एकेचाळीस प्रश्नांची यादी केली होती. त्यातला सतरावा प्रश्न असा: 'तुम्ही हे कशासाठी करताय आणि यात तुमचं काय?' एकतीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कुणीही त्याच्या मनासारखं दिलं नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं त्याला शाल नाही, घड्याळ नाही, हिरव्या पेन्सिलींची आख्खी पेटी दिली. त्याला वाटलं, हा टोमणा असावा. पेटी मात्र त्यानं घरी आणली.

घरी बायको होती. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि त्याच्या दोन वर्षं आधी निवृत्त झाली होती. सगळी आळी तिला 'बाई' म्हणायची. ती दोन वर्षं घर तिचं एकटीचं होतं. मग शंकासुर कायमचा घरी आला आणि महिन्याभरात साखरेच्या डब्यावर, साबणाच्या कपाटावर, दुधाच्या हिशेबाच्या वहीवर हिरवे ठिपके दिसायला लागले. साखर मंगळवारपेक्षा गुरुवारी जास्त का उतरली, याचा तो खुलासा मागायचा. तोंडी खुलासा त्याला चालायचा नाही.

सातव्या महिन्यात, कपड्यांच्या घड्या घालताघालता बायको म्हणाली, "मी संस्था काढतेय."

"कसली?"

"ओढ्याची. आपल्या मागचा ओढा लोकांना दाखवायचा. त्यात काय जगतं, काय मरतं, का मरतं. कुणीही यावं, फुकट."

"फुकट." शंकासुरानं तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. "आणि यात तुझं काय?"

बायकोनं त्याचा सदरा जरा जास्तच जोरात झटकला. "अहो, मी अर्जदार नाहीये, बायको आहे. सतरावा प्रश्न मला विचारायचा नाही."

पण तिनं उत्तर दिलं नव्हतं, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

खरी अडचण जागेची होती. ओढ्याकाठी नगरपालिकेचं एक जुनं पंपघर बंद पडून होतं. दगडी, उंच खिडक्यांचं, आत एक लांबलचक ओटा. सूक्ष्मदर्शक मांडायला त्याच्यासारखी जागा नव्हती. नगरपालिका ते द्यायला तयार होती, पण करमाफीचं प्रमाणपत्र असलेल्या संस्थेलाच, आणि तेही महिनाअखेरीपर्यंत. नाहीतर तिथे बिलियर्डचं टेबल टाकायला एक गृहस्थ टपून बसले होते. त्यांनी खिडक्यांची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती.

संस्थेला सात संस्थापक लागतात. बायकोनं आठवड्यात गोळा केले. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे शंकासुराचा मेहुणा, ज्यानं आजवर ससे पाळून पाहिले होते आणि सशांनी त्याच्या घरातली सगळी वायर खाल्ली होती. ओढ्याच्या पुलाजवळचा टायरवाला. दातांची डॉक्टरीण. कोपऱ्यावरचा औषधवाला आणि त्याची बायको, जे दोघं मिळून एक वाक्य बोलायचे. बायको स्वतः. झाले सहा.

"सातवे तुम्ही," बायको म्हणाली.

"मी?"

"सहीपुरते."

शंकासुरानं सही द्यायचं कबूल केलं. आत राहून लक्ष ठेवता येईल, असा त्यानं विचार केला. निदान विचार तोच आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

मग त्यानं तपास सुरू केला.

बायको रोज सकाळी साडेसहाला बरण्या घेऊन निघायची आणि साडेनऊला परत यायची. ओढ्यातलं पाणी बरणीत भरायला तीन तास लागत नाहीत, हे त्यानं मोरीत प्रयोग करून पाहिलं. दीड मिनिट लागतं. उरलेल्या दोन तास साडेअठ्ठावन्न मिनिटांचं काय? एका सकाळी तो मागे निघाला. बायको पुलाखाली उतरली तसा तो टायरवाल्याच्या दुकानामागे गेला, तिथे रचलेल्या जुन्या टायरांच्या उतरंडीआड दबा धरून बसला, आणि चांगलं दिसावं म्हणून आडव्या पडलेल्या एका ट्रकच्या टायरात टेकला.

टेकला तो आतच गेला. गुडघे हनुवटीला, पाय वर, आणि मध्ये शंकासुर. हलावं तर टायर हलायचा. तो पंधरा मिनिटं तसाच आकाशाकडे बघत होता. मग वरून टायरवाल्याचं तोंड डोकावलं.

"कोण? साहेब? तुम्ही टायरात काय करताय?"

"बसलोय," शंकासुर म्हणाला.

"बसा बसा. चहा सांगू?"

शेवटी पहारीनं टायर उचकटून टायरवाल्यानं त्याला बाहेर काढलं. तशा अवस्थेतही शंकासुराच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. त्याची पँट कोरडी होती. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि टायरात थेंब नव्हता. त्यानं वाकून बघितलं. टायराला खाली भोकं पाडलेली होती. शेजारच्याला पण. सगळ्यांनाच.

"टायर विकणारा माणूस टायरांना भोकं का पाडतो?"

टायरवाल्यानं लाजून मान खाजवली. "बाईंनी सगळ्यांसमोर झाडलं मला. म्हणाल्या, तुझ्या दुकानात पाणी साठतं, आळीतले सगळे डास तुझेच. एका बरणीत अळ्या भरून माझ्या गल्ल्यावर ठेवल्या. म्हणाल्या, घे, तुझी पोरं. म्हणून जुन्या टायरांना भोकं पाडली. आता अळी बघितली की सांगतो, कुठल्या डासाची ती."

शंकासुर विश्वास ठेवल्यासारखं हसला आणि घरी येऊन त्यानं वहीत लिहिलं: 'टायरवाला. स्वतःचा माल खराब करतो. का?'

डॉक्टरणीचंही तसंच. बेडकाला दात असतात म्हणून ती संस्थेत आली, असं तिनं हेतुपत्रात, म्हणजे अर्जातल्या आपल्या पानावर, लिहिलं होतं. दातांची डॉक्टरीण आणि बेडूक! शंकासुरानं तिच्या दवाखान्यात जाऊन दाढ दाखवायच्या निमित्तानं विचारणा केली. तिनं त्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि दोन बोटं घालून अर्धा तास उत्तर दिलं. त्याला एकही पुढचा प्रश्न विचारता आला नाही. वर चांगली दाढ कोरून घ्यावी लागली.

अर्ज तयार झाला. प्रत्येक संस्थापकाचं एक पान: 'मी ही संस्था का काढतो'. सात माणसं, सात पानं. आदल्या संध्याकाळी बायकोनं तो गठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"तुम्ही एकतीस वर्षं दुसऱ्यांचे तपासलेत. हा एक नीट बघून द्या. काही राहिलं असेल तर सांगा."

त्यानं चष्मा लावला आणि गठ्ठा उलटा केला. शेवटच्या पानापासून सुरुवात केली. अर्ज निर्दोष होता. एक टाचणी तेवढी तिरकी होती, ती त्यानं सरळ केली. दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं तो नेऊन कचेरीत दिला आणि पोचपावती आणली. शंकासुरानं पोचपावती उजेडात धरून पाहिली. खरी होती.

बाराव्या दिवशी पत्र आलं. 'आपल्या अर्जाची सखोल छाननी करण्याचं ठरलं आहे.'

"सखोल म्हणजे?" बायकोनं विचारलं.

शंकासुरानं चहाचा कप खाली ठेवला. सखोल म्हणजे ठिपका. सखोल म्हणजे कपाट. सखोल म्हणजे बिलियर्ड.

"भावोजी, तुमची तिथे ओळख असेल ना?" मेहुणा म्हणाला. "जरा शब्द टाका."

"मी कधीही शब्द टाकला नाही आणि टाकणार नाही," शंकासुर म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला कचेरीत हजर झाला.

त्याच्या खुर्चीवर आता चेला बसत होता. चेला म्हणजे ज्याला शंकासुरानं हाताला धरून ठिपका शिकवला तो माणूस. चेल्यानं उठून खुर्ची दिली, दार लावलं, पडदा ओढला आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "मानलं साहेब."

"काय मानलं?"

"निवृत्तीनंतरसुद्धा! मी फाईल उघडली आणि अंगावर काटा आला. सात पानं आणि साती पानांवर ठिपका! तुमचाच हात, मी झोपेतही ओळखेन. आजवर एका फाईलवर तीनच्या वर ठिपके कुणी पाहिले नाहीत. मी शिपायाला म्हटलं, बघ, साहेब टोळीत शिरलेत. आतून खुणा करतायत."

आता त्याला आठवलं. पेन्सिल खिशात होती. डोकं वाचत होतं आणि हात आपलं काम करत होता. डोकं निवृत्त झालं होतं, हाताला कुणी कळवलंच नव्हतं.

"सातही?" त्यानं क्षीण आवाजात विचारलं.

"सातही. तुमच्या स्वतःच्या पानावरसुद्धा! म्हणजे कुणाला संशय नको. काय डोकं, साहेब!"

"हे बघ. ते ठिपके... समज, ते काढायचे असतील तर?"

चेला गोंधळला. "काढायचे? ठिपका काढायची पद्धत तुम्ही शिकवलीच नाही, साहेब. एकतीस वर्षांत काढलाय का कुणी?"

कुणी काढला नव्हता. संशय घ्यायची खूण होती. संशय फिटला तर काय करायचं, याची खूण कुणी ठरवलीच नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती.

"काळजी करू नका," चेला डोळा मारत म्हणाला. "एरवी सहा महिन्यांनी येतो, पण तुम्ही आत एकटे आहात म्हणून मी पंचवीस तारखेलाच धाड घालतो. मला ओळख दाखवू नका."

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?"

"पंचवीसला येतायत."

"आणि कारण काय सांगितलं?"

"कचेरीत कारणं सांगत नाहीत," तो म्हणाला. रात्री त्याला कूस बदलताबदलता वाटलं की बायको जागी आहे. तिलाही कसला तरी वास आला असावा. एकतीस वर्षं तो संशय घेत आला होता. संशय अंगावर आल्यावर कसं वाटतं, ते त्याला पहिल्यांदाच कळलं. पंख्याचा आवाजसुद्धा त्याला चौकशी केल्यासारखा वाटत होता.

पंचवीस तारखेला सकाळी अकरा वाजता साती जण शंकासुराच्या दिवाणखान्यात जमले. खिडकीच्या कट्ट्यावर बरण्या ओळीनं मांडलेल्या. चेला आला, त्यानं सगळ्यांकडे कडक नजरेनं बघितलं, शंकासुराकडे बघितलंच नाही, इतकं बघितलं नाही की मेहुण्यानं विचारलं, "भावोजी, यांची तुमची भांडणं आहेत का?"

चेल्यानं एकेचाळीस प्रश्न सुरू केले. शंकासुर आपलेच प्रश्न समोरून येताना ऐकत होता. किती उद्धट प्रश्न होते! नवव्याला औषधवाल्याची बायको रडकुंडीला आली. औषधवाला म्हणाला, "तिला विचारू नका, तिला..." आणि ती म्हणाली, "...घाबरायला होतं." चौदाव्याला टायरवाल्यानं खिशातून टायरला पाडलेलं भोक दाखवायला रबराचा तुकडा काढला, तर चेल्याला वाटलं लाच देतोय आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

सतराव्याला चेल्यानं फाईल चहाच्या टेबलावर उघडून ठेवली. "आता एकेक पान घेऊ."

बायको चहाचे कप उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

"हा ठिपका मी ओळखते," ती म्हणाली. "आमच्या साखरेच्या डब्यावर आहे."

बरणीतली एक अळी वर येऊन हवा घेऊन खाली गेली, तेवढंच काय ते हललं. बायकोनं पान उलटलं. ठिपका. उलटलं. ठिपका. साती पानं उलटून झाल्यावर तिनं नवऱ्याकडे पाहिलं. चेला पण पाहत होता, अजूनही कौतुकानं.

"साहेब, आता उघड करायला हरकत नाही," चेला म्हणाला. "टोळी हातात आहे."

"कसली टोळी?" डॉक्टरीण म्हणाली.

"अरे बाबा, टोळी नाहीये!" शंकासुर ओरडला. "मी कुठे शिरलोबिरलो नाही. माझ्या हातानं झालं. सवयीनं."

चेल्याचा चेहरा असा उतरला, की टायरवाल्यानं त्याला पाणी दिलं. "म्हणजे ठिपके खोटे?"

"खोटे नाहीत. पण... काढून टाक."

"कसे काढू? पद्धत नाही!"

"पंपघर जाईल हो," मेहुणा म्हणाला. "ताई, सहा दिवस राहिले. तो बिलियर्डवाला काल पडद्यांचं कापड बघत होता."

बायकोनं टेबलाचा खण उघडला, त्यातून खोडरबर काढलं, शाळेतलं, एका बाजूनं झिजलेलं, आणि मेहुण्याच्या पानावरचा ठिपका घासला. दोनदा घासल्यावर ठिपका गेला. तिनं कागदावर फुंकर मारली.

चेला उभाच राहिला. "हे... असं जातं?"

"पेन्सिल आहे. जाणारच."

"एकतीस वर्षं," चेला पुटपुटला, आणि खाली बसला.

"पण थांबा," बायको म्हणाली. आता तिचा आवाज वर्गातला झाला होता. "नुसतं पुसायचं नाही. अहो, उभे राहा. प्रत्येक ठिपका का पडला ते सांगा. ज्याचं त्याला ऐकू दे. मग पुसते."

शंकासुर उभा राहिला. मेहुण्याबद्दल तो म्हणाला, ससे. मेहुणा म्हणाला, बरोबर आहे, मलाही माझा संशय येतो. टायरवाल्याबद्दल म्हणाला, भोकं. डॉक्टरणीबद्दल म्हणाला, बेडकाचे दात हे कारण पटलं नाही.

"मलाही नाही पटत," डॉक्टरीण म्हणाली. "खरं सांगू? वीस वर्षं मी बोलतेय आणि समोरच्याच्या तोंडात कापूस. मला अशा जागी बोलायचंय, जिथे कुणीतरी उलट उत्तर देईल."

औषधवाला-औषधवालीची पानं शब्दाला शब्द सारखी होती. "कारण मी लिहिलं..." "...आणि यांनी उतरवलं," असा खुलासा झाला. खोडरबर चाललं. पाच ठिपके गेले. उरली दोन पानं.

"हे तुमचं," बायको म्हणाली. "स्वतःवर कसला संशय?"

शंकासुरानं पायाकडे पाहिलं. "मी लिहिलंय, ओढ्याविषयी आस्था आहे म्हणून आलो. ते खोटं आहे. ओढ्याचं मला काही नाही. लक्ष ठेवायला आलो, असं मला वाटत होतं. तेही खरं नसावं." तो थांबला. "तुम्ही सगळे तिथे जाणार. मला दिवसभर एकट्याला घरी बसायचं नव्हतं."

बायकोनं तो ठिपका पुसला, पण बाकीच्यांपेक्षा हळू.

"आणि माझा?"

"नको."

"सांगा."

"तू घरातून बाहेर पडायला हे सगळं काढलंस, असं मला वाटलं. माझ्यापासून लांब जायला. तीन तास. रोज."

बायकोनं खोडरबर टेबलावर ठेवलं. "हा राहू दे. हा खरा आहे."

"ताई!" मेहुणा म्हणाला.

"खरं ते खरं. ओढा मला आवडतोच, चाळीस वर्षं आवडतो. पण संस्था आत्ता का काढली? हे घरी आले म्हणून. साखरेचा लेखी खुलासा मागतात! लिहून घ्या साहेब: संस्थेतून मला खासगी लाभ आहे. रोज सकाळी तीन तास सुटका."

चेल्यानं पेन उचललं आणि तसंच ठेवलं. संस्थापकाला खासगी लाभ म्हणजे अर्ज थेट बाद; त्याला ठिपकासुद्धा लागत नाही. "बाई, हे लिहिलं तर संपलंच. आणि आता ऐकलंय, न लिहून कसं चालेल?" तो वळला. "साहेब? हा लाभ धरायचा?"

सगळे शंकासुराकडे बघायला लागले. बायकोही. तिची नजर चोरट्यासारखी नव्हती. सरळ होती, पण तिचे हात बरण्यांच्या दिशेला जाऊन परत आले. त्या हातांकडे बघताना शंकासुराला समजलं की तिला ते पंपघर किती हवंय. आणि तरीही ती खोटं बोलली नव्हती. सतराव्या प्रश्नाला, एकतीस वर्षांत, पहिल्यांदाच कुणी खरं उत्तर दिलं होतं.

त्यानं घसा साफ केला.

"नियम काय आहे?" तो चेल्याला म्हणाला. "खासगी लाभ म्हणजे जो संस्थापकाला मिळतो आणि जनतेला मिळत नाही, तो. बरोबर?"

"बरोबर."

"टायरवाले, तुम्हाला घरापासून सुटका हवी आहे?"

टायरवाल्यानं दचकून इकडेतिकडे पाहिलं. "म्हणजे... सुट्टीच्या दिवशी बायको मला म्हणते, घरात लुडबुड करू नका, ओढ्यावर तरी जा."

"आम्हालाही..." औषधवाला म्हणाला. "...एकमेकांपासून," त्याची बायको म्हणाली, आणि त्या दोघांनी आयुष्यात प्रथमच एकमेकांकडे दचकून पाहिलं.

"म्हणजे ही सुटका कुणाही नागरिकाला घेता येईल," शंकासुर म्हणाला. "मोफत, भेदभाव न करता. सबब हा खासगी लाभ नाही. सार्वजनिक आहे. लिही."

चेल्यानं 'सबब' पासून पुढे सगळं लिहून घेतलं. इतकं सुंदर वाक्य त्यानं कधी लिहिलं नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"आता तो ठिपका," शंकासुर म्हणाला, "मी पुसतो. मी टाकलाय."

त्यानं खोडरबर हातात घेतलं. पुसायची त्याला सवय नव्हती. त्यानं इतका जोर लावला की ठिपक्याबरोबर पानाचा कोपराही गेला.

"अहो!"

"चालेल, चालेल," चेला म्हणाला. "फाटकं पान चालतं. ठिपक्याचं चालत नाही."

प्रमाणपत्र एकोणतीस तारखेला आलं. बिलियर्डवाल्या गृहस्थांनी कापड परत केलं म्हणे.

पंपघराचं दार उघडलं त्या दिवशी शंकासुर रांगेत उभा राहिला, जनता म्हणून. बायकोनं अट घातली होती: सकाळी अकराच्या आधी यायचं नाही, आणि आल्यावर रांगेतून यायचं. पुढे टायरवाला एका आजोबांना अळ्यांची नावं सांगत होता. ओट्यावर सूक्ष्मदर्शक, सूक्ष्मदर्शकाशेजारी बरणी, आणि बरणीखाली, कुणीतरी रद्दी कागद समजून ठेवलेलं, करमाफीचं प्रमाणपत्र.

शंकासुरानं बरणी उचलली. कागदावर पाण्याचं गोल कडं उमटलं होतं. आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, एक बारीकसा हिरवा ठिपका.

"टाकला!" तो ओरडला. "चेल्यानं टाकला! मला वाटलंच होतं, तो माझ्यावर उलटणार!"

"ओरडू नका, लोक आहेत," बायको म्हणाली. तिनं वाकून पाहिलं, मग काचेच्या नळीनं तिथला थेंब शोषून काचपट्टीवर सोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कागदाचा कोपरा स्वच्छ झाला होता. "बघा."

त्यानं चष्मा वर केला आणि डोळा लावला. एक हिरवा गोळा होता, जाळीसारखा, आणि त्याच्या पोटात आणखी छोटे हिरवे गोळे. आणि तो गोळा गरगरत होता. सावकाश, न थांबता, पाण्यातून पुढे जात होता.

"याला कोण ढकलतंय?"

"कुणी नाही. शेवाळ आहे. आपलं आपण फिरतंय."

शंकासुर बराच वेळ डोळा लावून राहिला. मग त्यानं डोळा न काढताच विचारलं, "आणि यात त्याचं काय?"

बायकोला हसू आलं, पण तिनं उत्तर दिलं नाही. "पुढच्याला बघू द्या. मागे रांग आहे."

त्यानं मागे पाहिलं. खरोखरच रांग होती. तो ओट्यापासून बाजूला झाला, दारापर्यंत गेला, आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिला. एकदा बघून त्याची खात्री पटणं शक्यच नव्हतं.